नांदूर मधमेश्वर पक्षी निरीक्षण सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की आमचा फोन वाजायला लागतो. प्रश्न बहुतेक दरवर्षी तेच असतात. काहींचं उत्तर एका शब्दात देता येतं, काहींना चहा लागतो. दोन्ही प्रकारची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. नोंदणीआधी एकदा वाचा, म्हणजे पहाटे सव्वापाचला गाडीत कोणी कोणाला समजावत बसणार नाही.

नेमकं जायचं कुठे?

पावसाळ्यात बातम्यांत 'नांदूर मधमेश्वरमधून जायकवाडीकडे इतके क्युसेक विसर्ग' असं ऐकता ना, तेच हे ठिकाण. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे एकत्र येतात तिथे इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा आहे, आणि त्याच्या मागे मैलोन्‌मैल पसरलेलं उथळ पाणी. आपण चांदोरी-सायखेडा मार्गे चापडगावच्या बाजूने आत शिरतो. नाशिकहून अंतर साधारण ४० ते ४५ किलोमीटर.

स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. या भागात नांदूर एक नाही. शहराला लागून नांदूर नाका आहे, सिन्नर तालुक्यात नांदूर शिंगोटे आहे आणि आपलं नांदूर मधमेश्वर तिसरं. एका वर्षी एक उत्साही जोडपं मोबाइलच्या भरवशावर निघालं आणि पहाटे पावणेसातला नांदूर शिंगोट्यातून फोन आला, "आम्ही पोचलो, तळं कुठंय?" नकाशात 'चापडगाव, निफाड' असं टाका.

गाडी कुठून, किती वाजता?

पहाटे ५.१५ ला गोल्फ क्लब मैदान, ५.३० ला द्वारका. नाशिकरोडच्या मंडळींनी द्वारकेला यावं. गाडी दहा मिनिटांहून जास्त थांबत नाही. परत यायला दुपारचा एक वाजतो.

इतक्या पहाटे कशाला? आठला निघालो तर पक्षी पळून जाणार आहेत का?

पळून जाणार नाहीत, पण झोपतील. डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्य सातच्या पुढे-मागे उगवतो. आपण पावणेसातला पाण्याशी पोचतो, तेव्हा रात्रभर शेतात चरलेली बदकं परत येत असतात, बगळे झाडांवरून उठत असतात आणि घारी अजून तापलेल्या हवेची वाट बघत बसलेल्या असतात. पुढचे दोन-अडीच तास हालचाल असते. दहानंतर बदकं पाण्याच्या मधोमध जाऊन चोच पाठीत खुपसून बसतात. लांबून नुसते करडे गोळे दिसतात, आणि पाण्यावरून तापलेली हवा थरथरायला लागली की भारीतल्या भारी दुर्बिणीतूनही चित्र वितळल्यासारखं होतं. शिवाय सकाळी सूर्य पूर्वेला असतो. त्याला पाठीशी ठेवून उभं राहता येईल अशा जागा आम्ही निवडून ठेवल्या आहेत. दुपारपर्यंत हा हिशेब बिघडतो.

फ्लेमिंगो दिसतील ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून सरळ उत्तर: हमी नाही. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, इथे येतात, काही वर्षी बऱ्यापैकी येतात, काही वर्षी दोन-चारच लांब उभे असतात, कधी तेही नाहीत. पाणी किती उथळ आहे आणि गाळात खायला काय आहे, यावर ते ठरतं. आम्ही त्यांना फोन करून ठेवत नाही. फक्त फ्लेमिंगोसाठी यायचं असेल, तर खरंच सांगतो, ठाण्याच्या खाडीला जा. तिथे ते हजारोंनी असतात.

मग दिसतं काय?

आता चहा घ्या.

सगळ्यांत आधी दिसतात ते वारकरी. बदकासारखे पण बदक नव्हेत. अंग काळं कुळकुळीत आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. थव्याने पाण्यावर पसरलेले असतात. नवीन माणसाला पाच मिनिटांत यांचा कंटाळा येतो. येऊ देऊ नका, कारण वारकरी हे आपले पहारेकरी आहेत. विखुरलेले वारकरी अचानक एकत्र गोळा होऊ लागले आणि त्याच वेळी बदकं भर्रकन उठली, तर खाली नको, वर बघायचं. बहुतेक वेळा दलदली भोवत्या पाणगवताच्या शेंड्यांवरून तरंगत येताना सापडतो. शिकारी पक्षी शोधायचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग.

बदकांत हळदी-कुंकू ओळखायला सोपं, कारण नावच चोचीवर लिहिलेलं आहे: काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके. हे इथलंच, बारमाही. बाकीचे पाहुणे. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट. पाच-सहा थापटे गोल गोल फिरत पाणी ढवळतात आणि वर आलेलं चोचीने गाळून घेतात. तलवार बदकाची शेपटी टोकदार. हे डोकं खाली, शेपटी वर करून उभं राहतं, आणि अशी वीस-पंचवीस शेपट्यांची रांग बघून लहान मुलं हमखास खिदळतात. चक्रवाक जोडीने असतात, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. संस्कृत कवींनी त्यांना रात्रभर नदीच्या दोन काठांवर विरहात ठेवलं होतं. आम्ही तरी त्यांना दिवसा एकत्रच बघितलं आहे.

पट्टकादंब दिसले तर गप्प उभे राहा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो आणि चापडगावच्या हरभऱ्याच्या शेतात गाईसारखा चरत असतो.

काठच्या पाणवेलींत जांभळी पाणकोंबडी हिंडते. तो जांभळा-निळा रंग येवल्याच्या पैठणीत शोभेल असा, पाय मात्र लाल आणि बेढब. तिच्याच आसपास कमळपक्षी पानांवरून चालतो. पुस्तकातल्या चित्रात त्याला लांब झोकदार शेपटी असते, ती पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत. हिवाळ्यात तो साध्या कपड्यांत असतो, म्हणून पहिल्यांदा अनेकजण चुकतात. त्याच्या घरातली रीतही उलटी: मादी एकापाठोपाठ एक नरांसाठी अंडी घालते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं बाबाकडे. हे ऐकून सहलीतल्या काकू आपापल्या काकांकडे ज्या नजरेने बघतात, तीही निरीक्षणाची गोष्ट आहे.

याशिवाय चमचा (चमच्यासारख्या चोचीचा), चित्रबलाक, मुग्धबलाक, शराटी, शेकाट्या, नदी सुरय, पाणकावळे, कवड्या खंड्या हे बहुतेक वेळा भेटतात. नशीब जोरावर असेल तर क्रौंच.

हे धरण आहे की अभयारण्य?

दोन्ही. आणि त्यातच या जागेची सगळी गंमत आहे.

बंधारा बांधला तो शेतीसाठी. इथून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे कोपरगाव-राहात्यापर्यंत पाणी नेतात. वरून गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी येतं, कादवेतून पालखेडकडचं. प्रत्येक पुराबरोबर माती येते, बंधाऱ्याशी पाणी मंदावतं आणि माती तळाला बसते. शंभरेक वर्षं हेच चाललं आहे. इंजिनिअरच्या वहीत ही तूट: साठवण कमी झाली, धरण गाळाने भरलं. पण त्या गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणगवत आणि बाभळी आल्या, गुडघाभर पाण्यात पाणवनस्पती आणि शंख-शिंपले वाढले आणि पक्ष्यांना हवं होतं ते सगळं आपोआप तयार झालं. खोल, स्वच्छ, निळ्याशार धरणात इतकी बदकं कधी दिसणार नाहीत, तिथे त्यांची चोच तळाला पोचतच नाही.

१९८६ मध्ये हे अभयारण्य झालं, क्षेत्र १०० चौरस किलोमीटरच्या आसपास. 'महाराष्ट्राचं भरतपूर' हे नाव पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी दिलं असं सांगतात. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ म्हणून ते जाहीर झालं. त्याच वर्षी लोणार आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी त्यात आली. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळांचा करार झाला, म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. त्या यादीत नांदूर मधमेश्वरच्या नोंदीत एका संकटग्रस्त माशाचाही उल्लेख आहे, आणि त्याचं इंग्रजी नाव आपल्या देवळालीवरून पडलेलं आहे. नाशिककरांनी हे चारचौघांत सांगायला हरकत नाही.

धोका काय, असंही विचारतात. त्याच नोंदीत पाणवेली, वाढती शहरं आणि पाण्याचा उपसा लिहिलेला आहे. शहराने नदीत जे सोडलं ते खाली इथेच येतं, हे सांगायला यादी लागत नाही. सायखेड्याच्या पुलाला अडकलेला पाणवेलींचा हिरवा गालिचा बघितला की कळतं.

कोणता महिना चांगला?

पाहुणे ऑक्टोबरपासून उतरायला लागतात आणि मार्चमध्ये बहुतेक परत निघतात. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सहली नेतो. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह: ५ ला मारुती चितमपल्लींची जयंती, १२ ला सलीम अलींची.

पण नवख्यांनी डिसेंबरच्या मध्यानंतर यावं असं माझं मत. ऑक्टोबरमध्ये आलेले नर बदक अजून मातकट पिसांत असतात. नर-मादी, ही जात-ती जात सगळं सारखंच दिसतं आणि माणूस वैतागतो. डिसेंबरपर्यंत त्यांनी नवे कपडे चढवलेले असतात.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरवर नसते: कालव्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात पाणी सोडण्याची पाळी. आवर्तन सुटलं की पाण्याची पातळी बदलते. पाणी उतरून चिखल उघडा पडला तर तुतवार, शेकाटे जवळ येतात. पाणी चढलं तर बदकं पसरतात. एकाच महिन्यात दोनदा आलेल्यांना दोन वेगळी तळी दिसली आहेत.

पावसाळ्यात का नेत नाही?

वरची धरणं सुटली की सायखेड्याचा पूलच पाण्याखाली जाऊ शकतो. नाशिकच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही इकडचा विचार सोडतो.

माझ्याकडे दुर्बीण नाही.

चालेल. चार जणांत एक अशा दुर्बिणी आणि सगळ्यांत मिळून एक स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) आम्ही आणतो. स्वतःची घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे पक्षी आठपट जवळ, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार वीसपट, तीसपट दाखवेल, भुलू नका. जितकी पट जास्त तितका हात जास्त हलतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात चित्र काळवंडतं.

चष्मा असेल तर दुर्बिणीची डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवून घ्या, नाहीतर 'मला काळं वर्तुळच दिसतंय' ही तक्रार ठरलेली. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी धरा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणा. दुर्बीण लावून पक्षी शोधणं म्हणजे नळीतून वाट शोधणं.

काय घालून येऊ?

मळखाऊ रंग. खाकी, शेवाळी, तपकिरी, जुना फिकट निळाही चालतो. पांढरा, लाल, पोपटी नको. चमकणारं जर्किन नको, आणि त्याहून वाईट म्हणजे हालचाल केली की खस्‌खस्‌ वाजणारं जर्किन.

थंडीला कमी लेखू नका. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे. पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, आणि तशा रात्री द्राक्षबागा वाचवायला शेतकरी शेकोट्या पेटवतात. काठावर वारा लागतो तो वेगळाच. कानटोपी, हातमोजे, दोन थर आणि बंद बूट. नऊनंतर एकेक थर उतरवायचा.

मुलांना आणू का? आईला आणू का?

आठ वर्षांपुढच्या मुलांना जरूर. त्याहून लहान मुलांना दोन तास हळू बोलायला सांगणं हा त्यांच्यावर आणि पक्ष्यांवर दोघांवर अन्याय आहे. चालणं एकूण तीन-चार किलोमीटर, सपाट, मध्ये मध्ये थांबत. आजी-आजोबांसाठी दोन घडीच्या खुर्च्या आम्ही बरोबर ठेवतो. निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या चढता आल्या नाहीत तरी काही बिघडत नाही. मागे एक आजी मनोऱ्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. वरची पंधरा माणसं लांबच्या बदकांवर वाद घालत होती, तेवढ्यात खंड्याने त्यांच्यापासून दहा फुटांवर मासा पकडला, फांदीवर दोनदा आपटला आणि गिळला. "तुम्ही वर काय बघत होतात रे?" असं त्या नंतर सगळ्यांना विचारत होत्या.

कुत्रा आणू नका, कितीही शहाणा असला तरी.

मोबाइलने फोटो येतील का?

नुसत्या मोबाइलने पाणी येईल, पक्षी नाही. स्कोपच्या भिंगाला मोबाइल टेकवून बऱ्यापैकी फोटो निघतात, ते आम्ही शिकवतो. मोठी लेन्सवाले आले तर स्वागत आहे, पण 'अजून थोडं पुढे' चालणार नाही. पक्ष्याने खाणं थांबवून मान वर केली, याचा अर्थ तुम्ही आधीच जास्त पुढे गेला आहात. ड्रोन आणायचा नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय तो बेकायदेशीर आहे.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला की तो जवळ येतो म्हणतात, खरं का?

खरं, आणि म्हणूनच लावायचा नाही. त्याला वाटतं हद्दीत कोणी परका घुसला. तो खाणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. आवाज ओळखायला मर्लिन ॲप वापरा, ते फक्त ऐकतं. मात्र ते सांगेल ते सगळं वहीत उतरवू नका. एकदा त्याने आमच्या ड्रायव्हरदादांच्या शिट्टीचाही पक्षी केला होता.

पक्ष्यांना काही खायला टाकावं का?

नाही. गोदाघाटावर कबुतरांना दाणे टाकायची सवय आपल्याला आहे, ती इथे विसरा. चिवडा, फरसाण, पोळी काहीच नाही.

नावं मराठीत सांगता की इंग्रजीत?

आधी मराठीत, लगेच इंग्रजीत. मराठी नावांत ओळख लपलेली असते: शेकाट्या म्हटलं की काटकुळे पाय आठवतात, टिबुकली म्हटलं की बुडी ऐकू येते. पण एकाच पक्ष्याला गावोगावी वेगळं नाव असतं, चापडगावचा माणूस आणि पुस्तक यांचं पटत नाही, म्हणून ई-बर्ड या पक्षी नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना इंग्रजी लागतंच. गावातल्या तरुणांपैकी एक गाइड नेहमी आपल्याबरोबर असतो. त्याने सांगितलेलं नाव लिहून घ्या. ते आमच्याकडे नसेल.

किती जाती दिसतात? मागच्या गटाला किती दिसल्या?

मोजा, हरकत नाही. पण आकड्यासाठी धावायचं असेल तर आमची सहल तुम्हाला संथ वाटेल. एकाच थापट्याकडे दहा मिनिटं बघायला लावणारे लोक आहोत आम्ही.

धुकं असलं तर सहल रद्द?

नाही, आणि पैसेही परत नाहीत. जानेवारीत एकदा असं धुकं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. चाळीस मिनिटं आम्ही नुसते ऐकत उभे होतो: वारकऱ्यांचं ठणठण, चक्रवाकांची हाक, पंखांची सळसळ डोक्यावरून जायची आणि दिसायचं काहीच नाही. मग धुकं एका बाजूने उचललं गेलं आणि आमच्यापासून तीस पावलांवर सतरा चमचे झोपलेले निघाले. एवढे जवळ ते उजेडात कधीच येऊ देत नाहीत. अवकाळी पावसाचा इशारा असेल तर मात्र आदल्या संध्याकाळी रद्द करून पूर्ण पैसे परत करतो.

फी किती, त्यात काय काय?

माणशी ६५० रुपये, शाळकरी मुलांना निम्मे. यात गाडी, दोनदा चहा, नाश्ता, दुर्बीण आणि गाइड. वन विभागाचं प्रवेश आणि कॅमेरा शुल्क ज्याने त्याने तिथल्या खिडकीवर भरायचं. गटात जास्तीत जास्त सोळा जण. सतराव्यासाठी ओळख सांगू नका, गाडीत जागा सोळाच आहेत.

नाश्ता म्हणजे मिसळ का?

आम्ही नाशिकचे असूनही, नाही. मिसळीनंतर नऊ वाजता कोणी दलदलीकडे बघत नाही. पोहे किंवा बाजरीची भाकरी-ठेचा-पिठलं, काठापासून लांब, चापडगावच्या केंद्रावर. मिसळ परतीच्या वाटेवर, आपापल्या खर्चाने आणि आपापल्या पंथाप्रमाणे. काळी की लाल या वादात आयोजक पडत नाहीत.

स्वच्छतागृह?

चापडगावच्या केंद्रावर आहे. मनोऱ्यांकडे नाही. चहा बेताने घ्या.

येताना द्राक्षं घेता येतील?

हंगाम असेल तर रस्त्याकडेला थांबतो. बागेत शिरून फोटो काढायचे नाहीत, नुकती फवारणी झालेली असू शकते. आणि बागवानासमोर भोरड्यांचं (गुलाबी मैनांचं) कौतुक जपून करा. त्यांचे थवे संध्याकाळच्या आकाशात फार देखणे दिसतात, पण सकाळी ते कोणाच्या तरी पिकात असतात.

माझी कानटोपी मागच्या सहलीत गाडीत राहिली.

आमच्याकडे सध्या चार आहेत: दोन काळ्या, एक मरून, एक माकडटोपी. शिवाय झाकण नसलेला एक थर्मास. फोनवर रंग सांगा, पुढच्या रविवारी द्वारकेला मिळेल.